तीन एडवर्ड, एकच चेहरा

वजन जेमतेम १.४ ग्रॅम. रुंदी १९ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या खिशातल्या रुपयाच्या नाण्यापेक्षाही किंचित लहान. जाडी अर्धा मिलिमीटर. बोटांत धरून जोर लावला तर वाकेलच. आणि लोक ती खरोखर वाकवायचे! घरात कुणी आजारी पडलं की त्याच्या अंगावर नाणं धरायचं, वाकवायचं आणि अमुक संताच्या समाधीला ते वाहीन असा नवस बोलायचा. एकदा वाकवलेलं नाणं संताचं झालं, ते बाजारात खर्चायचं नाही.

ही सातशे वर्षांपूर्वीची इंग्लंडची चांदीची पेनी. एका बाजूला मुकुट घातलेला, कुरळ्या केसांचा, समोर बघणारा निर्विकार चेहरा. दुसऱ्या बाजूला काठापासून काठापर्यंत पोचलेला क्रूस आणि त्याच्या चारही कोपऱ्यांत तीन-तीन टिंबं. कडेनं लॅटिन अक्षरांची रांग. मागच्या बाजूला नाणं कुठे पाडलं ते लिहिलेलं असतं: बहुतेकदा लंडन, नाहीतर कँटरबरी. पण मधूनच एखादं नाणं हातात येतं आणि त्यावर अक्षरं लागतात ‘विल्ला बेरेविकी’. बेरिक नगर. इथून पुढे या चिमुकल्या चकतीत बघण्यासारखं इतकं काही आहे की कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही.

नकाशापासून करू. ग्रेट ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्यावर ट्वीड नदी समुद्राला मिळते, त्या मुखावर, उत्तर काठाला बेरिक वसलं आहे. आज ते इंग्लंडमध्ये आहे आणि स्कॉटलंडची सीमा तिथून फार तर चार-पाच किलोमीटर. गंमत बघा, ‘बेरिकशायर’ नावाचा जुना परगणा मात्र स्कॉटलंडमध्ये आहे! म्हणजे ज्या गावाचं नाव परगण्याला मिळालं, ते गावच परगण्यात नाही. गावाचा फुटबॉल संघही इंग्लंडचा असून खेळतो स्कॉटलंडच्या स्पर्धांत. असा विचित्र हिशेब कशामुळे झाला? बाराव्या शतकापासून १४८२ पर्यंत हे गाव दोन राज्यांमध्ये तेरा-चौदा वेळा हस्तांतरित झालं म्हणून. कधी तलवारीनं, कधी तहानं, आणि एकदा तर चक्क विक्रीनं. ११८९ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड याला धर्मयुद्धावर जायला पैसा हवा होता. त्यानं १०,००० मार्क घेतले आणि बेरिकसह स्कॉटलंडवरचे आपले हक्क सोडून दिले.

एवढं काय होतं त्या गावात? लोकर. ट्वीडच्या खोऱ्यातल्या मठांकडे मेंढ्यांचे प्रचंड कळप होते आणि त्यांची लोकर बेरिकच्या धक्क्यावरून समुद्रापलीकडच्या फ्लँडर्सच्या विणकरांकडे जायची. फ्लँडर्सच्या व्यापाऱ्यांनी गावात ‘रेड हॉल’ नावाची स्वतःची वखार थाटली होती. १२८६ च्या सुमारास बेरिकची जकात वर्षाला दोन हजार पौंडांच्या वर होती. इंग्लंडच्या सगळ्या बंदरांच्या जकातीच्या जवळपास पाव हिस्सा, असं इतिहासकार सांगतात. एका इतिवृत्तकारानं या गावाची तुलना थेट अलेक्झांड्रियाशी केली आहे. आजचं शांत, वारेमाप वाऱ्याचं बेरिक पाहून हे कुणाला खरं वाटणार नाही.

लोकर बाहेर गेली की चांदी आत यायची, आणि चांदी आली की टांकसाळ लागायचीच. स्कॉटलंडच्या राजांनी बेरिकमध्ये नाणी पाडायला सुरुवात केली ती बाराव्या शतकातच. त्या काळच्या नाण्यांवर नाणं पाडणाऱ्याचं नावही असे. तेराव्या शतकातली स्कॉटिश नाणी घेतली तर बेरिकचा कुणी वॉल्टर आपलं नाव चांदीत ठोकून गेलेला दिसतो. हे नाव कौतुकासाठी नव्हतं, बरं का. नाण्यात खोट निघाली तर पकडायचं कुणाला, हे ठाऊक असावं म्हणून होतं. इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीनं ११२४ मध्ये नाणी पाडणाऱ्यांना गोळा करून अनेकांचे उजवे हात तोडले होते. त्या काळचं गुणवत्ता नियंत्रण असं होतं.

आता पहिला एडवर्ड येतो. उंच, लांब तंगड्यांचा, हिशेबात पक्का आणि दयामाया कमी. तो गादीवर आला तेव्हा इंग्लंडची नाणी कातरून कातरून बारीक झाली होती. कडेची थोडी चांदी कापून घ्यायची आणि नाणं पुढे खपवायचं, हा उद्योग सर्रास चाले. त्याचं खापर मुख्यतः ज्यूंवर फुटलं आणि लंडनमध्ये अडीचशेहून अधिक ज्यूंना फाशी दिली गेली. या राजवटीतला हा एक काळाकुट्ट अध्याय आहे. १२७९ मध्ये एडवर्डनं सगळं चलन वितळवून नवं काढलं. समोर पाहणारा तो चेहरा आणि मागचा लांब क्रूस, ही जोडी तेव्हाची. लांब क्रूस मात्र त्याच्या बापाच्या काळापासून होता, आणि तो काही नुसत्या भक्तीनं आलेला नव्हता. क्रूसाचे चारही हात काठाला टेकलेले असले की कड कातरलेली लगेच दिसते. पूर्वी याच क्रूसाच्या रेघांवरून नाणं कापून अर्धी आणि पाव पेनी करत. एडवर्डनं त्यांच्यासाठी वेगळी गोल नाणी काढली आणि कात्रीचं निमित्तच संपवलं.

नाण्यावरचं नाणेवाल्याचं नावही त्यानं काढून टाकलं. एकच अपवाद राहिला, बरी सेंट एडमंड्सचा रॉबर्ट द हॅडली. तिथल्या मठाला नाणी पाडण्याचा जुना हक्क होता, त्यामुळे या एकट्या माणसाचं नाव काही काळ छापलं गेलं. साऱ्या राज्यात राजाखेरीज नाण्यावर नाव कुणाचं, तर या रॉबर्टचं!

चांदी किती शुद्ध? शंभरात साडेब्याण्णव भाग, बाकी तांबं. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? आज सराफाकडे चांदीची अंगठी घेतलीत तर तिच्या आतल्या बाजूला ९२५ असा बारीक शिक्का असतो. तो याच इंग्रजी ‘स्टर्लिंग’चा कस. बेरिकची पेनी आणि दादरच्या किंवा कोल्हापूरच्या दुकानातली अंगठी, दोन्ही एकाच मापात बसतात.

३० मार्च १२९६ रोजी एडवर्ड, तेव्हा स्कॉटलंडकडे असलेल्या बेरिकवर तुटून पडला. गावाला तटबंदी म्हणून मातीचा बांध आणि लाकडी मेढेकोट, बस. त्या दिवशी आणि पुढे जी कत्तल झाली तिच्यात हजारो माणसं मेली. नेमका आकडा प्रत्येक इतिवृत्तात वेगळा. रेड हॉलमधले फ्लेमिश व्यापारी शेवटपर्यंत लढले आणि वखारीला लावलेल्या आगीत जळून मेले. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्याच गावात एडवर्डनं स्कॉटलंडच्या सरदारांना आणि जमीनदारांना बोलावून निष्ठेची शपथ घ्यायला लावली. गाव नव्यानं वसवायला त्यानं नगररचनेतल्या जाणकारांना पाचारण केलं, आणि नव्या तटाच्या कामाला मातीची पहिली हातगाडी म्हणे त्यानं स्वतः ढकलली.

कारभारासाठी लंडनच्या धर्तीवर बेरिकमध्ये खजिना स्थापन झाला. त्याचा प्रमुख ह्यू द क्रेसिंगहॅम. हा पुढच्याच वर्षी स्टर्लिंग ब्रिजच्या लढाईत स्कॉटिश बंडखोर विल्यम वॉलेसच्या फौजेकडून मारला गेला आणि स्कॉटिश सैनिकांनी त्याची कातडी सोलली. नोकरी जोखमीची होती एवढं म्हणू. पण खजिना आला, सैन्य आलं, आणि त्यांच्यामागोमाग टांकसाळीचे घण पुन्हा सुरू झाले. यावेळी इंग्लंडच्या राजासाठी.

नाण्यांची गरज किती होती, याचा हिशेब करून पाहा. पायदळाच्या साध्या शिपायाला दिवसाला २ पेन्स मिळत. १२९८ मध्ये एडवर्ड फॉल्कर्कच्या लढाईला निघाला तेव्हा त्याच्या पगारपत्रकावर २५,००० च्या घरात पायदळ होतं. म्हणजे नुसत्या पायदळाला रोज ५०,००० नाणी! चिलखती घोडेस्वाराचे दिवसाचे १२ पेन्स वेगळेच. आणि यातलं प्रत्येक नाणं एका माणसानं हातानं, घणाचा घाव घालून पाडलेलं.

ते कसं पाडत? चांदी वितळवून चौकोनी सळया ओतायच्या. सळईचे सारखे तुकडे करायचे, ते ठोकून चपटे आणि गोल करायचे. मग दोन ठसे घ्यायचे. खालच्या ठशाला खिळ्यासारखं टोक. ते लाकडी ओंडक्यात घट्ट रोवलेलं. त्यावर राजाचा चेहरा उलटा कोरलेला. चकती त्यावर ठेवायची, वरून क्रूसाचा दुसरा ठसा हातात धरून टेकवायचा आणि घण हाणायचा. एका घावात दोन्ही बाजू उमटल्या. एखाद्या वेळी हात हलला तर राजाला दोन नाकं आणि तीन डोळे आलेले दिसतात, आणि अशी नाणीही बाजारात बिनदिक्कत चालली.

पण खरी करामत ठशात आहे. तो चेहरा कुणी छिन्नीनं सलग कोरलेला नसे. चेहऱ्याचा एक पोलादी छाप, केसांच्या झुपक्याचा दुसरा, मुकुटाचा तिसरा, आणि अक्षरं तर त्याहून बारीक तुकड्यांची: एक उभी पाचर, एक चंद्रकोर, एक टिंब, यांच्या जोडणीतून सारी वर्णमाला. आपल्याकडे अंगणात रांगोळीचे छाप एकामागून एक ठेवून कमळ, पावलं, स्वस्तिक उठवतात ना, तसं हे ठशाच्या लोखंडावर घणानं ‘उठवलेलं’ चित्र. म्हणूनच एकच छाप शेकडो ठशांवर सापडतो. आणि तो छाप एके दिवशी कोपऱ्यात टवकला, की त्यानंतरच्या प्रत्येक ठशावर तो टवका उमटतो.

हा टवका लक्षात ठेवा. आता तोच कामाला येणार आहे.

कारण या नाण्यांची एक महाअडचण आहे. त्यांच्यावर सन नाही. राजाचं नाव आहे ‘एडवर्ड’. कोणता एडवर्ड? पहिला १२७२ ते १३०७. त्याचा मुलगा दुसरा एडवर्ड १३२७ पर्यंत. त्याचा मुलगा तिसरा एडवर्ड १३७७ पर्यंत. सलग १०५ वर्षं गादीवर एडवर्डच, आणि क्रमांक लिहायची पद्धत नाही! चेहराही तोच. तो कुणा माणसाचा नव्हताच, ‘राजा’ या पदाचा होता. आजोबा गेले, बाप गेला, नातू आला, नाण्यावरचा इसम मात्र तसाच तरुण, कुरळ्या केसांचा. मग हातातलं नाणं आजोबांचं की नातवाचं, हे ओळखायचं कसं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फॉक्स नावाच्या दोन भावांनी हे कोडं हाती घेतलं. हजारो पेन्या शेजारी शेजारी मांडून त्यांनी फक्त बारकावे पाहिले: मुकुटाच्या कळ्यांचा आकार, एखाद्या अक्षराचा कललेला दांडा, राजाचं नाव किती अक्षरांत आटोपलं आहे, कुठल्या छापाचा टवका कुठल्या नाण्यापासून दिसू लागतो. त्यातून त्यांनी तिन्ही एडवर्डांची नाणी १५ वर्गांत ओळीनं लावली. आजही जगभरचे संग्राहक तीच वर्गवारी वापरतात. दोन भाऊ, एक भिंग आणि अफाट चिकाटी!

ही वर्गवारी लंडनच्या ठशांवर उभी होती. इंग्लंडच्या बहुतेक टांकसाळींना ठसे लंडनहून जात, त्यामुळे लंडनचा नियम सगळीकडे लागू पडे. बेरिक तिथेही वेगळं निघालं. बेरिकचे बरेचसे ठसे स्थानिक कारागिरांनी बनवलेले. चेहरा थोडा ओबडधोबड, अक्षरं जाडी-बारीक, आणि गावाच्या नावाची अक्षरं दरवेळी निराळी: कधी एक अक्षर जास्त, कधी दोन कमी. लंडनचं कोष्टक इथे बसेना. अखेर क्रिस्टोफर ब्लंट या अभ्यासकानं १९३१ मध्ये बेरिकच्या नाण्यांसाठी स्वतंत्र आठ प्रकार ठरवले आणि कुठला प्रकार कुठल्या एडवर्डचा ते लावून दिलं.

क्रम लावायची आणखी एक युक्ती आहे, ती मला सगळ्यात आवडते. घणाचा घाव वरच्या ठशावर थेट बसतो, म्हणून तो लवकर फुटतो. खालचा जास्त टिकतो. मग राजाचा तोच चेहरा वेगवेगळ्या क्रूसांशी जोडला जातो. दोन नाण्यांचा चेहरा एकाच ठशाचा आहे, पण एकावर गालावर केसभर तडा आहे आणि दुसऱ्यावर तोच तडा हनुवटीपर्यंत गेला आहे. आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं? सांगायला नको! असं एकेक नाणं दुसऱ्याला जोडत गेलं की टांकसाळीची रोजनिशीच हाती येते, जी कुणी लिहिलेलीच नव्हती.

आणि पुरून ठेवलेली, हरवलेली धनं मदतीला येतात. १८३१ मध्ये टटबरीजवळ डव्ह नदीच्या पात्रात मजुरांना चांदीची नाणी सापडू लागली. अंदाज लाखाच्या वर जातो. १३२२ मध्ये दुसऱ्या एडवर्डविरुद्ध बंड केलेला लँकेस्टरचा थॉमस पळून जात असताना त्याचा खजिना या नदीत गेला, असं मानलं जातं. म्हणजे त्या ढिगात जो प्रकार आहे तो १३२२ च्या आधीचा. झाली की एक तारीख पक्की!

इकडे बेरिकचं काय झालं? एप्रिल १३१८ मध्ये पीटर स्पाल्डिंग नावाच्या गावकऱ्यानं लाच घेतली आणि स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या माणसांना रात्री तटावरून आत घेतलं. एडवर्डनं उभारलेली ती भक्कम भिंत पडली ती अशी. ब्रूसनं आपली पेनी काढली ती बहुधा इथेच. स्कॉटिश नाणं चटकन ओळखू येतं: राजा समोर न बघता बाजूला बघतो, पुढ्यात राजदंड, आणि मागच्या क्रूसाच्या कोपऱ्यांत टिंबांऐवजी चांदण्या. बाकी आकार, वजन, कस सगळं इंग्रजी पेनीच्या तोडीचं. शत्रूचा राजा अमान्य, शत्रूचा कस मात्र मान्य! चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन्ही देशांची नाणी एकमेकांच्या बाजारात सारख्याच भावानं चालत. स्कॉटलंडमध्ये तर एडवर्डचीच नाणी जास्त. १८८६ मध्ये अ‍ॅबरडीनला एका ब्राँझच्या भांड्यात १२,००० हून अधिक नाणी सापडली, त्यांत बहुसंख्य एडवर्डच्या पेन्या होत्या. म्हणजे शतकभर ज्याच्याशी लढले, त्याच्याच मुखड्यावर यांचा संसार चालला.

बाहेरही तेच. फ्लँडर्सकडचे सरदार जवळपास तशीच, पण हलक्या कसाची नाणी पाडून इंग्लंडात घुसवत. १२९९ च्या नाताळात पहिल्या एडवर्डनं या नाण्यांची किंमत अर्ध्यावर आणली आणि १३०० च्या ईस्टरला ती बादच केली. नोटाबंदी पाहिलेल्या पिढीला त्या रांगा कशा असतील याची कल्पना सहज येईल.

१३२८ मध्ये तह झाला. इंग्लंडनं स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मान्य केलं आणि बदल्यात स्कॉटलंडनं २०,००० पौंड द्यायचे ठरले. पौंडाचं नाणं नव्हतं. पौंड म्हणजे फक्त मोजायची संज्ञा: २४० पेन्स. म्हणजे ४८ लाख नाणी, वजन सुमारे सात टन! ती भरायची ठरली ट्वीडमथला, म्हणजे बेरिकच्या बरोबर समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर. त्याच वर्षी जुलैत बेरिकमध्ये ब्रूसचा चार वर्षांचा मुलगा डेव्हिड आणि तिसऱ्या एडवर्डची सात वर्षांची बहीण जोन यांचं लग्न लावून तहावर शिक्कामोर्तब झालं. स्कॉटलंडनं ती रक्कम फेडली. त्या चांदीत बहुतेक चेहरे एडवर्डचेच असणार.

पैसे पोचले, तह टिकला नाही. १९ जुलै १३३३ रोजी बेरिकबाहेरच्या हॅलिडन टेकडीवर तिसऱ्या एडवर्डच्या तिरंदाजांनी स्कॉटिश सैन्य लोळवलं आणि दुसऱ्या दिवशी गावानं दार उघडलं. टांकसाळ पुन्हा इंग्रजी झाली. यावेळच्या नाण्यांवर एक नवा पाहुणा आहे: क्रूसाच्या कोपऱ्यात, तीन टिंबांच्या जागी, एक इवलंसं अस्वलाचं डोकं. अस्वल हे बेरिकचं चिन्ह. गावाच्या मुद्रेवरही ते आहे. राजा कुणाचाही असो, गावानं आपलं जनावर कोपऱ्यात बसवून घेतलं.

आणि कळस पुढेच आहे. १४६१ मध्ये बेरिक परत स्कॉटलंडकडे गेलं, तेव्हा स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सनं तिथे ‘ग्रोट’ नावाची, पेनीहून मोठी चांदीची नाणी पाडली. त्यांच्या मागेही बेरिक नगरचंच नाव. ऑगस्ट १४८२ मध्ये ग्लॉस्टरचा ड्यूक, म्हणजे नंतरचा राजा तिसरा रिचर्ड, यानं किल्ला घेतला आणि गाव कायमचं इंग्लंडकडे आलं. त्यानंतर तिथे नाणं पाडलं गेलं नाही.

एडवर्डच्या पेन्या इतक्या प्रचंड संख्येनं उरल्या आहेत की कुठल्याही मोठ्या नाणेसंग्रहात त्या दिसतात. तुमच्यापैकी कुणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेलं, तर राजाच्या चेहऱ्यापाशी थांबू नका, तो सगळीकडे सारखाच आहे. मागची बाजू दाखवलेलं नाणं शोधा, क्रूसाभोवतीची अक्षरं वाचा, आणि कोपऱ्यात टिंबांऐवजी अस्वल बसलंय का ते बघा.